कुरडयांशेजारी वाळलेली बाभूळ

मंगळवार, दिनांक २९ एप्रिल २०२५. सकाळी पावणेसात वाजता मी वाळवणघराचे दार उघडले. ऊन चढल्यावर उघडले तर आतली हवा भट्टीसारखी तोंडावर येते, म्हणून ही वेळ. आत बाभळीच्या फळ्या थरांनी रचलेल्या होत्या. हवा सर्व बाजूंनी फिरावी म्हणून दोन थरांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या घातलेल्या होत्या. त्या दिवशी फळ्या बाहेर काढायच्या, त्यांची चौकट करायची आणि दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर ती चौसाळ्याला मुलीच्या नव्या घराला बसवायची, असे ठरले होते. लाकडाने मात्र अजून काही कबूल केलेले नव्हते.

दोन्ही बाजूंच्या खांबांना आणि वरच्या गणेशपट्टीला जादा फळ्या होत्या. उंबरठ्याला एकच होती. गाभ्यातली, रुंद, तांबूस. ती चिरली किंवा पिळली असेल, तर जावयांनी चौसाळ्याच्या दुकानात सांगून ठेवलेली लोखंडी चौकट त्याच दिवशी उचलावी लागणार होती.

मुलगी चौसाळ्याकडच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. घर तिने स्वतःच्या नोकरीवर बांधायला काढले. तिने माझ्याकडे आजवर काही मागितलेले नाही. मी देणाऱ्यांपैकी दिसत नसेन. दिवाळीला आली तेव्हा मात्र जेवताना म्हणाली, "अण्णा, दाराची चौकट आपल्या बाभळीची करता येईल का?"

"बघतो," मी म्हणालो.

माझ्या 'बघतो'चा अर्थ तिच्या आईला कळतो. मुलीलाही कळला असावा, कारण स्लॅब पडून भिंती उठल्या तरी दाराची जागा तिने मोकळीच ठेवली. गवंडी कुरकुरत राहिला, तिने ऐकले नाही.

ही बाभूळ आमच्या शेताच्या कडेला, चारीच्या, म्हणजे शेतात पाणी आणणाऱ्या पाटाच्या, काठावर उभी होती. मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. कोणत्या शेताला किती पाणी गेले ते मोजणे हे माझे काम. नोकरीभर दुसऱ्यांच्या चाऱ्यांवरून फिरलो आणि घरी आल्यावर स्वतःच्या चारीवर, या झाडाखाली बसलो. मुलगी लहान असताना तिथेच अभ्यास करी, कारण घरात पाहुणे फार. गेल्या वर्षी वैशाखातल्या वाऱ्याने झाड मुळासकट आडवे झाले. जळणासाठी मागणारे त्याच संध्याकाळी आले. मी नाही म्हणालो.

आमच्याकडे बाभूळ ताजी चिरत नाहीत. आधी पाण्यात मुरवतात. पाण्याने लाकडातला रस निघून जातो आणि पुढे भुंगा लागत नाही. त्याप्रमाणे ओंडके पावसाळाभर विहिरीत दगड बांधून बुडवले. दिवाळीनंतर काढले आणि दिंद्रुडच्या आरागिरणीवर नेऊन फळ्या पाडून आणल्या. इथपर्यंत वडीलधारी माणसे करत तसेच केले. पुढची रीत अशी, की फळ्या सावलीला रचून दोन पावसाळे विसरून जायचे. तेवढा अवधी नव्हता. मुलीच्या दाराची जागा उघडी होती.

वाळवणघराची कल्पना माझी नव्हे. माजलगावच्या पलीकडे एका गावी बायकांच्या बचत गटाने शेवग्याची पाने आणि टोमॅटो वाळवण्यासाठी प्लास्टिकचे एक उतरत्या छपराचे घर बांधले आहे. मी एका लग्नाला गेलो असता ते पाहिले. आत हात घालून हवा कोठून येते आणि कोठून जाते ते तपासत उभा राहिलो, तेव्हा एका बाईने विचारले, "आजोबा, काय वाळवायचं तुमाला?"

"बाभूळ."

त्या हसल्या. एकीने दुसरीला सांगितले, "म्हातारा पाला न्हाई, आख्खं झाड घिऊन येतोय बग."

पौषात मी कामाला लागलो. दक्षिणेकडे उतार धरून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा केला. उतारावर पॉलिहाऊसला घालतात तो जाड प्लास्टिकचा कागद ताणला. मागची भिंत विटांची, खाली आणि वर दोन-दोन झडपांच्या खिडक्या. आत जुने पत्रे काळे रंगवून घातले, ते तापतात आणि हवा तापवतात. बंद पडलेल्या कूलरचा पंखा फवारणी पंपाच्या सौरपाटीला जोडला. ऊन आले की तो आपोआप फिरतो, ऊन गेले की थांबतो. लाकडाला रात्रीची विश्रांती हवीच असते. फळ्यांच्या टोकांना शेण आणि लाल माती लिंपली, कारण लाकूड टोकांतून सर्वांत आधी कोरडे होते आणि तिथूनच चिरते.

मिस्त्री पाहायला आला. हा आमच्या गावचा सुतार, माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होता. सगळीकडून फिरून त्याने पाहणी केली.

"हे काय बे? बाभळीला न्हाणीघर बांधलं का?"

"उलट आहे. पाणी काढायला बांधले आहे."

"नोकरीभर लोकान्ला पानी सोडलंस. आता एका झाडाचं काढायला बसलास व्हय!"

पाणी किती निघाले ते कळावे म्हणून एका फळीचा तुकडा मी बाजूला ठेवला होता. कापूस तोलायच्या काट्यावर तो तोलायचा आणि वजन खडूने पत्र्याच्या दारावर लिहायचे. पहिले काही आठवडे वजन भराभर उतरले. मला ते आवडले. मुहूर्त डोळ्यांपुढे होता, म्हणून मी चारही खिडक्या पूर्ण उघड्या ठेवल्या आणि पंखा दिवसभर चालू दिला.

फाल्गुनात परीक्षा घेतली. परीक्षा सोपी आहे. फळीचा आडवा, बोटभर रुंदीचा काप काढायचा. त्याचा मधला भाग करवतीने काढून टाकायचा, म्हणजे चिमट्यासारखे दोन पाय उरतात. पाय सरळ राहिले तर लाकूड नीट वाळले. एकमेकांकडे वळले तर समजायचे, की बाहेरचे लाकूड घाईने आक्रसले आहे आणि आतले अजून ताणात आहे. असे लाकूड रंध्याखाली शहाण्यासारखे वागते आणि भिंतीत गेल्यावर पिळते.

माझ्या चिमट्याचे पाय वळले. तो काप मी खिशात ठेवला आणि कोणाला दाखवला नाही.

त्यावर उपाय काय, याचा विचार करण्याआधीच डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. बीडला तीन दिवस राहावे लागले. जाताना सौभाग्यवतीला सांगितले, "त्या घराकडे लक्ष ठेव." याचा अर्थ दार उघडू नकोस, असा होता. तसे शब्द मात्र मी वापरले नव्हते.

परत आलो तेव्हा डोळ्यांवर दवाखान्याने दिलेला काळा चष्मा होता. वाळवणघराचा कागद पांढरा दिसला. मला वाटले, डोळ्यातच काही बिघडले. चष्मा काढून पाहिले. कागद आतून वाफेने भरला होता आणि थेंब ओघळत होते. दार उघडले. फळ्यांच्या रचनेसमोर, जिथे उभे राहून मी रोज फळ्या पाहत असे, त्या जागेत दोन बाजांवर धोतरे अंथरलेली होती आणि त्यांवर कुरडयांच्या रांगा लागल्या होत्या. वरखालच्या चारही खिडक्यांत जुन्या लुगड्यांचे बोळे कोंबलेले होते. पंख्याची वायर ओढून ठेवली होती.

सौभाग्यवती मागे येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"कुरडया."

"ते दिसते."

"दिसतंय ना? मंग डोळा बरा झाला म्हनायचा."

"आत लाकूड आहे."

"हाय की. तुमच्या लाकडाला बोट बी लावलं न्हाई मी. मोरं रस्त्याचं काम चाललंय, टिपर गेलं की धुरळा समदा वाळवणावर. मागल्या साली आख्ख्या पायलीच्या कुरडया गाईला घातल्या, इसरलात का?"

"खिडक्या का बंद केल्या?"

"मुंग्या येतेत. आन् पंख्यानं धोतरं उडत व्हती."

"इथे फळ्या वाळवायला ठेवल्या आहेत. तू त्यांना तीन दिवस वाफ दिलीस."

"तुमीच सांगितलं, त्या गावच्या बायांनी भाज्या वाळवायला असलं घर बांधलंय, ते बघून आलो म्हून. त्या बायांचं चालतंय, मंग माझंच कावून चालत न्हाई?"

घर मुळात खाद्यपदार्थांचेच होते, लाकूड त्यात नंतर शिरले होते. मी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षात आले नाही. एरवीही मी फार बोलत नाही.

कुरडया वाळून निघाल्या. काट्यावर तुकड्याचे वजन वाढलेले निघाले. ते मी दारावर लिहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी खिडक्या अर्ध्याच उघडल्या. पुढे वजन हळूहळू उतरत गेले आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात थांबले. लाकडात आता निघण्याजोगे पाणी राहिले नव्हते. आतला ताण गेला की राहिला, हे काटा सांगत नाही.

म्हणून त्या मंगळवारी आठ वाजता मिस्त्री हत्यारांचे पोते घेऊन आला, तेव्हा मी त्याला प्रथम एका जादा फळीचा काप काढायला लावले. त्याने करवतीने मधला भाग काढला आणि चिमटा माझ्या हातात दिला. मी तो गुण्याला, म्हणजे काटकोनाच्या पट्टीला, लावून पाहिला. दोन्ही पाय सरळ होते. दुसऱ्या फळीचा काप काढला. तोही सरळ. मी खिशातून फाल्गुनातला वाकडा काप काढून शेजारी ठेवला. मिस्त्रीने दोन्ही हातांत घेऊन पाहिले.

"हा कधीचा?"

"बीडला जाण्याच्या आधीचा."

"आन् हा?"

"आताचा. तुझ्यासमोर काढला."

मिस्त्री उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "वहिनी, बाहेर या. तुमच्या कुरडयांनी बाभूळ वाचिवली. सर्दी झाल्यावर वाफारा घेतेत तसं झालं. लाकूड नरमलं आन् सुतासारखं सरळ आलं."

"मंग मला काय सांगता? त्यान्ला सांगा."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

"असेल," मी म्हणालो. "परंतु वाफ न लागलेली एकही फळी तुलनेसाठी उरलेली नाही. नंतर मी खिडक्या अर्ध्या ठेवल्या, तेही कारण असू शकेल."

"बगा," ती मिस्त्रीला म्हणाली. "म्हंजे मी न्हाई. खिडकी."

ती आत गेली. ती रागावलेली नव्हती. आत भांड्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

खांबांच्या फळ्या रंधल्या. बाभूळ रंध्याला जड जाते, पाते दोनदा पाजवावे लागले, पण खालून निघालेला रंग चांगला होता. गणेशपट्टीही झाली. उंबरठ्याची फळी शेवटी घेतली. चौकटीच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना उंबरठ्याचे कान सोडतात. ते भिंतीत जातात आणि चौकट धरून ठेवतात. ते धरून साडेचार फूट लाकूड लागणार होते. फळी त्याहून वीतभर जास्त होती.

मिस्त्रीने टोकावरचे शेणमातीचे लिंपण वाकसाने खरवडले. एक टोक स्वच्छ निघाले. दुसऱ्या टोकाला मला केसासारखी रेघ दिसली.

"चीर आहे."

"कुठं? लाकडाची रेघ हाय ती."

"चीर आहे."

"डोळा बदलून आनलास आन् पहिल्याछूट माझ्याच कामात चिरा हुडकायलास व्हय बे?"

"पाणी टाक."

त्याने बोट ओले करून फिरवले. पाणी रेघेत उतरले. त्याने करवत उचलली.

टोकाचा दोन बोटांचा काप कापून टाकला. चीर तशीच होती, पण बारीक झालेली. पुन्हा कापले. चीर होती. वीतभर जास्तीचे लाकूड असे तुकड्या-तुकड्याने संपले. खूण केलेल्या साडेचार फुटांवर करवत आली, तेव्हा चीर उरलीच होती. ती चार बोटे आत जात होती आणि कानाच्या आतच संपत होती. भिंतीबाहेर दिसणाऱ्या भागापर्यंत पोहोचत नव्हती. याला कुरडया कारण नव्हत्या. टोकांकडून चिरणे हे सुरुवातीच्या घाईचे काम असते, आणि घाई माझी होती.

सौभाग्यवती पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"चिरलेला उंबरठा? पोरीच्या घराला? न्हाई."

"भिंतीत जाणारा भाग आहे," मी म्हणालो.

"कुठं का जाईना. उंबऱ्याला चीर नसावी. उद्या तिची सासू, नणंदा, समद्या हळदी-कुंकू लावायला येतीन. म्हनतील, आईबापाच्या घरून आलं ते फुटकंच आलं."

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, भुसा आन् डिंक भरतो. वरून जवसाचं तेल मारतो. ब्रह्मदेवाला बी दिसनार न्हाई."

"मला म्हाईत हाय की."

"तुमी सांगू नका मंग."

"तिला सांगायचे," मी म्हणालो. "घर तिचे आहे."

मिस्त्रीने सुचवले, फोटो काढून पाठवू. मी नको म्हणालो. फोटोत चीर दिसते, तिची खोली दिसत नाही. शिवाय आम्हाला नेण्यासाठी ती दुपारी येणारच होती. लोखंडी चौकटीचे दुकान संध्याकाळपर्यंत उघडे असते. निर्णयाला वेळ होता.

काम थांबवून जेवायला बसलो. बेसन, भाकरी, ठेचा आणि तळलेल्या कुरडया. मिस्त्रीने कुरडईचा तुकडा मोडला, चावला, थांबला.

"वहिनी, ही कुरडई हाय का चौकट?"

"गप खावा."

"न्हाई, चांगली हाय. पन बाभळीच्या सालीचा वास यायलाय. रंध्यानं खावं का दातानं, तेवढं सांगा."

सौभाग्यवतीने स्वतः एक खाऊन पाहिली. तिला वास आला असला पाहिजे, कारण तिने नंतर एकदम सगळ्यांच्या ताटात आणखी वाढल्या, जणू लवकर संपवायच्या होत्या. मी चार खाल्ल्या. सालीचा वास होता. त्या वाईट लागत नव्हत्या.

मुलगी अडीचच्या सुमारास आली. बीडला गाडी बदलून आली होती, खांद्याला दवाखान्याची पिशवी होती. तिने वाळवणघर कधी पाहिले नव्हते. अंगणात उभे केलेले खांब पाहिले, त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती गुळगुळीत झालंय. हे आपलंच झाड?"

"आपलेच."

"आई सारखी फोनवर कुरडयांचंच सांगत होती. मला वाटलं, तुम्ही कुरडयांसाठीच बांधलंय."

"उंबरठ्याला चीर आहे," मी म्हणालो. "इकडे ये."

आई म्हणाली, "अहो, आधी पानी तरी पिऊ द्या तिला."

मुलगी पाणी न पिताच फळीजवळ बसली. मी चीर दाखवली. तिने नखाने ती टोकापासून शेवटापर्यंत तपासली. मग पिशवीतला छोटा टॉर्च काढून आत उजेड टाकून पाहिले. ते ती दवाखान्यात करते तसेच करत असावी.

"हा भाग भिंतीत जाणार?"

"हो."

"पुढं वाढेल का?"

"अशीच सोडली तर वाढू शकेल."

"आणि अशी सोडली नाही तर?"

"डमरूच्या आकाराची खाच करून तसाच लाकडाचा तुकडा चिरेच्या शेवटावर आडवा बसवतो. तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. मग वाढणार नाही."

"खात्रीनं?"

खात्री हा शब्द मी बेतानेच वापरतो.

"बसवल्यावर सांगतो," मी म्हणालो.

आईने आपले म्हणणे मांडले. सासूचे, नणंदांचे, फुटक्या उंबऱ्याचे. मुलीने सगळे ऐकून घेतले.

"आई, रोज टाके घालते मी. डोक्याला, पायाला, पोटाला. टाका नीट बसला की मानूस घरी जातं, नांगर धरतं, लेकरं उचलतं. कोनी म्हनत न्हाई की फुटकं मानूस परत आलं."

"मानसाचं येगळं असतंय."

"सासूबाईंना मी आधीच दाखवीन. लपवलं तर बोलतील. दाखवलं तर त्याच बाकीच्यांना सांगत बसतील, बघा कसा टाका घातलाय म्हणून. तुला त्यांचा स्वभाव माहीत न्हाई का?"

यावर सौभाग्यवतीला हसू आले. ते तिने पदराने झाकले, पण ती पुन्हा नाही म्हणाली नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. "घाला टाका, अण्णा. लोखंडी चौकटीचं मी सहा वाजेपर्यंत थांबवते."

तिने जावयांना फोन केला आणि दुकानात अजून जाऊ नका, सहाला कळवते, असे सांगितले. नंतर पाणी प्यायली.

टाक्यासाठी मी गाभ्याचा सगळ्यांत कठीण तुकडा निवडला. खाच मिस्त्रीने पटाशीने काढली. त्याच्या हाताइतकी सरळ खाच माझ्या हाताने निघाली नसती. मात्र तुकडा मी कानशीने घासून जुळवला. तो फार सैल झाला तर धरत नाही आणि फार घट्ट झाला तर चीर स्वतःच वाढवतो. मिस्त्री "ठोक आता" म्हणत होता. मी दोनदा काढून पुन्हा घासला. तिसऱ्या वेळी लाकडी हातोडीने ठोकताना आवाज ठक-ठक असा मोकळा येत होता, तो एकदम भरीव झाला. मग थांबलो.

खात्री करायची एक पद्धत आहे. उंबरठा दोन विटांवर टेकवला आणि चिरेच्या बाजूवर उभा राहिलो. मी सडपातळ आहे. त्याने निकाल लागेना. मिस्त्रीलाही वर घेतले. तो माझ्या दुप्पट आहे.

"पडलो तर तुज्या पोरीच्या दवाखान्यात ने," तो म्हणाला.

मुलगी जमिनीवर आडवी होऊन टॉर्चने चीर पाहत होती. "हलत न्हाई," ती म्हणाली. "आणखी नाचा जरा."

आम्ही दोघे सत्तरीपलीकडचे म्हातारे त्या फळीवर पाय आपटत उभे होतो आणि रस्त्याने जाणारा टिपरवाला मान वळवून पाहत गेला. चीर जागची हलली नाही. खाली उतरल्यावर मी बोटाने पाणी लावून पाहिले. टाक्याच्या अलीकडे पाणी उतरले, पलीकडे उतरले नाही, म्हणजे चीर पुढे सरकली नव्हती.

"आता खात्री आहे," मी म्हणालो.

मुलीने फोन लावला. "लोखंडी नको म्हणून सांगा," एवढेच म्हणाली. नंतर आत आईला हाक मारून विचारले, की कुरडया उरल्यात का, भूक लागली आहे. त्या उरल्या होत्या. पहिला घास घेताच तिने विचारले, "आई, हिला डिंकाचा वास का येतोय?" मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला आला.

मला बरे वाटले.

पाचनंतर चौकट जुळवली. खांबांची कूस उंबरठ्याच्या खाचेत बसवली, वर गणेशपट्टी घातली. कर्ण दोन्हीकडून मोजून सारखे केले आणि वाटेत चौकट तिरपी होऊ नये म्हणून एक आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकली. दिसणाऱ्या सर्व भागाला जवसाचे तेल दिले. मुलीने चिंधी घेऊन उंबरठ्याला स्वतः तेल लावले. टेम्पो पहाटे येणार होता. मिस्त्री हत्यारे पोत्यात भरून गेला, सकाळी तोही बरोबर यायचा होता.

भिंतीत जाणाऱ्या भागांना डांबर लावायचे राहिले होते. ते मी शेवटी ठेवले होते, कारण हाताला लागले तर तेलाचे काम बिघडते. चुलीवर डब्यात डांबर पातळ केले. आधी खांबांच्या मागच्या बाजू, मग उंबरठ्याचा चांगला कान, मग टाका घातलेला. टाक्यावर दोन हात दिले. वाळवीला तिथून शिरायला जागा नको. उजेड कमी होत आला होता, पण डावा डोळा आता पुरेसे पाहतो. चौकट भिंतीला टेकवून तिच्याखाली दोन विटा ठेवल्या, ब्रश डिझेलच्या डब्यात उभा केला आणि डांबराच्या डब्यावर पत्र्याचे झाकण ठेवले.